मुंजाबा आप्पांचा सुईचा नेम

चिकलठाण्याला विमानतळाच्या मागं, जिथं भिंत संपते आणि बाभळी सुरू होतात, तिथं मुंजाबा आप्पांची वस्ती होती. वस्ती म्हणजे पत्र्याची दोन घरं, शेळ्यांचा वाडा आणि एक मोठा लिंब. पण जालना रोडवर कुठल्याही रिक्षावाल्याला नुसतं ‘लकव्याचं औषध’ म्हटलं, की तो पुढचं काही न विचारता माणसाला थेट त्या लिंबाखाली आणून सोडायचा.

रविवार आणि बुधवार हे औषधाचे वार. त्या दिवशी सकाळपासून अंगावरून वारं गेलेली माणसं यायची. कुणी बाजेवर, कुणी लेकाच्या पाठीवर, कुणी तोंड वाकडं झालंय म्हणून उपरण्यानं झाकून. आप्पा पाटावर बसत. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, पुढ्यात पितळी वाटीत काळं तेल. निर्जीव हात मांडीवर घेऊन ते असं काही चोळत, की त्या हाताला नसलं तरी बघणाऱ्यांना बरं वाटायला लागे.

तेलाला मोठा इतिहास होता. आप्पांचे वडील पुंजाराम शहरातल्या एका हकिमाकडं रोज शेळीचं दूध घालत. पोलिस ॲक्शननंतर हकीम शहर सोडून निघाला, तेव्हा दुधाची आठवण ठेवून त्यानं तेलाची कृती पुंजारामच्या कानात सांगितली. हकिमाला निघायची घाई होती आणि पुंजारामला त्याची भाषा बेताचीच कळत होती. त्यामुळं कृतीतलं किती कानात शिरलं आणि किती बाहेरच राहिलं, याची चौकशी कुणी केली नाही.

तेलाबरोबर पथ्य असे. वांगं बंद, दही बंद, केळं बंद, रात्रीचं थंड पाणी बंद. मीठ आणि तंबाखू मात्र चालायचे. त्याचं कारण हकिमाकडं शोधायची गरज नव्हती. आप्पांना भाकरीवर खडेमीठ चुरडलेला ठेचा लागायचा, आणि जेवण झालं की तळहातावर तंबाखू. जे स्वतःला सोडवत नाही ते दुसऱ्याला सोडायला सांगू नये, एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता.

पण आप्पांचं खरं नाव झालं ते तेलामुळं नाही, सुईच्या नेमामुळं. हा नेम हकिमाचा नव्हता, वडिलांचाही नव्हता, आप्पांचा स्वतःचा होता. “सुई टोचलेल्या अंगाला माझं औषध लागत नाय.” प्रत्येक नव्या पेशंटला ते आधी हे बजावत. वारं गेलं की सरळ इकडं यायचं, दवाखान्याची पायरी चढायची नाही. एकदा सुई शिरली की आप्पांचे हात बांधले गेले. नेम सोयीचा होता. गुण आला तर तेलाचा. नाही आला तर आप्पा खाली वाकून हळूच विचारत, “कुठं सुई टोचलीती का?” आयुष्यात एकदाही सुई टोचली नाही असा माणूस आजकाल कुठं मिळतो? पेशंट खाली मान घाले आणि आप्पा हळहळून म्हणत, “मंग काय करता.”

तीस वर्षं हे असं चाललं. आणि त्या तीस वर्षांत आप्पांनी एक गोष्ट बघितली होती. ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, घरात सुगंधाबाईलाही नाही.

पिसादेवीकडचे एक जमीनदार होते, बद्रीनाथ. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि पंधरा दिवसांनी ते आप्पांकडं आले. महिन्याभरात गडी चालायला लागला, दोन महिन्यांत स्वतः जीप चालवत यायला लागला. आप्पांचा एवढा मोठा गुण साऱ्या तालुक्यानं बघितला नव्हता. बद्रीनाथ दर महिन्याला नारळ घेऊन यायचे आणि रांगेतल्या लोकांना आपला हात वर करून दाखवायचे. पण पहिल्याच दिवशी तेल चोळताना आप्पांना त्यांच्या मनगटाच्या वर, बाहीखाली, चिकटपट्टी ओढून काढल्याची चौकोनी खूण आणि सुईचा निळा डाग दिसला होता. बद्रीनाथनी बाही खाली ओढली. आप्पांनी नजर दुसरीकडं वळवली. पुढं बद्रीनाथच्या बायकोच्या तोंडून निसटलंसुद्धा, की दोन तासांच्या आत नेलं म्हणून हात वाचला असं डॉक्टर म्हणत होते. आप्पांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मग ते मुद्दाम बघायला लागले. जे लवकर उठले, हिंडायला लागले, त्यातल्या बहुतेकांच्या बाहीखाली ती खूण असायची. जे खरोखर नेम पाळून सरळ लिंबाखाली आले होते, ते बाजेवरच यायचे आणि बाजेवरच जायचे. ही गोष्ट आप्पांनी गिळून टाकली. ती सांगायची म्हणजे नाव घालवायचं, आणि नावाशिवाय त्यांच्याकडं होतं काय? बारा शेळ्या.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीनं चिकलठाण्यात तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. कुणाचं तरी बघून आप्पाही हात पुढं करून बसले. नर्सबाईनं पट्टा दोनदा बांधला, दोनदा सोडला, मग डॉक्टरला बोलावलं. बीपी एकशेनव्वद होतं. डॉक्टर म्हणाला, “काका, रोज एक गोळी. मीठ निम्मं करा, तंबाखू पूर्ण बंद. नाहीतर लकवा मारेल.” आप्पांना हसूच आलं. ज्याच्या दारात लकवा आठवड्यातून दोनदा येऊन पाया पडतो, त्याला हा कालचा पोरगा लकव्याची भीती घालत होता!

सुगंधाबाईनं गोळ्या आणल्या. पण त्या ठेवायच्या कुठं? फळीवर ठेवल्या तर पेशंटना दिसणार. औषध देणाराच गोळ्या खातो म्हटल्यावर औषधाची काय किंमत राहणार? म्हणून त्या पिठाच्या डब्यात गेल्या. आप्पांनी बारा दिवस गोळ्या घेतल्या. तेराव्या दिवशी त्यांनी सांगितलं, “मला लई बरं वाटतंय. कशाला खायच्या?” सुगंधाबाई म्हणाली, “तुमाला आधीबी बरंच वाटत व्हतं.” आप्पांनी तंबाखू मळायला घेतली. पिठात पुरलेली पाकिटं तिथंच राहिली.

तो बुधवार होता. लिंबाखाली तेरा-चौदा माणसं जमली होती. आप्पा ओट्यावर चहा घेत होते. समोरच्या एमआयडीसीतल्या कंपनीचा आठचा भोंगा झाला आणि आप्पांच्या हातातली कपबशी खाली पडली. त्यांनी उजव्या हाताकडं बघितलं. हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. ‘कप फुटला’ एवढंच म्हणायचं होतं, पण तोंडातून नुसता घोळ बाहेर आला. सुगंधाबाई फरशीवरचे तुकडे उचलायला वाकली होती. तिनं मान वर केली, तर आप्पांच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली लोंबत होता आणि त्यातून चहा गळत होता.

तीस वर्षं तिनं त्याच दारात हेच तोंड बघितलं होतं. ती “अवो!” एवढंच ओरडली.

लिंबाखालची सगळी माणसं उठली. ज्यांना उठता येत होतं ती धावली. आप्पांचा भाऊ कडूबा शेळ्यांच्या वाड्यातून पळत आला. तेल उकळायचं, पेशंटना नंबर द्यायचं काम तोच बघायचा. त्यानं एका नजरेत ओळखलं आणि पहिली गोष्ट केली ती ही, की तेलाची वाटी आणली. “पाव घंटाबी झाला नाय,” तो लोकांना म्हणाला. “इतक्या ताज्या लकव्यावर आप्पांचं तेल आजवर कुणालाच लागलेलं नाय. आता बघा गुण!”

आप्पांना बाजेवर आडवं केलं. चार जण हातापायाला लागले. कुणी तळवे चोळतंय, कुणी दंड चोळतंय. एका म्हातारीनं आपल्या लकवा झालेल्या नवऱ्यालाही पुढं ओढलं, एका हातानं का होईना, त्यानंही सेवा करावी म्हणून. आप्पांचं डोकं मात्र लख्ख होतं. त्यांना सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं, आणि तीस वर्षांत गिळलेली ती एक गोष्ट आता छातीत बसली होती. तेलात काही नाही. दोन तासांच्या आत न्या. दोन तासांच्या आत मला घेऊन चला रे, एवढंच त्यांना म्हणायचं होतं आणि जीभ तोंडात लाकडासारखी पडली होती.

त्यांनी डावा हात उचलला आणि जालना रोडकडं दाखवला.

“आणखी वर चोळा म्हणतेत,” कडूबा म्हणाला. लोकांनी खांदा चोळायला घेतला.

आप्पांनी डाव्या हातानं उजवी बाही वर ओढली आणि मनगटाच्या वर बोटानं टोचून दाखवलं. एकदा, दोनदा, तीनदा. डोळ्यांत पाणी आलं होतं.

कडूबा लोकांकडं वळला. “बघा रे! सुई नको म्हणतेत आप्पा. जीव चाललाय, पर नेम मोडत नायत.” रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. कुणीतरी हात जोडले. आपला स्वतःचा नेम इतक्या निष्ठेनं पाळणारी माणसं समोर बघून आप्पांना जे वाटलं, ते सांगायला त्या वेळी जीभ नव्हती हेच बरं झालं.

“दवाखान्यात न्यायचं का?” सुगंधाबाईनं विचारलं.

“वहिनी, येड्या झाला का? एकदा सुई शिरली की संपलं. मंग तेलबी लागायचं नाय.”

सुगंधाबाईही तो नेम मानत होती. तीस वर्षं नवऱ्याच्या तोंडून ऐकलेला नेम, न मानून सांगते कुणाला. पण ती त्या बोटाकडं बघत होती. नको म्हणणारं माणूस हात झटकतं, मान हलवतं. एवढं खुणेनं टोचून कोण दाखवतं? आणि तिला पिठाच्या डब्यातली पाकिटं आठवली. ती नवऱ्याजवळ बसली, त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “अवो, माझ्याकडं बघा. सुई पायजे का नको? पायजे आसंल तर माझा हात दाबा.”

आप्पांनी असा दाबला की तिच्या दोन बांगड्या फुटल्या.

“गाडी काढा,” सुगंधाबाई उठून म्हणाली. “कडूबा, वाटी बाजूला ठिवा.”

“वहिनी, लोक काय म्हणतील? आप्पांचं नाव...”

“नावाला वारं जाऊ द्या. माणूस राहू द्या.”

योगायोगानं बद्रीनाथ त्या दिवशी नारळ घेऊन आले होते. त्यांनी नारळ तिथंच ठेवला आणि जीप लिंबाखालीच आणून लावली. आप्पांना मागच्या सीटवर निजवलं, डोकं सुगंधाबाईच्या मांडीवर. मुकुंदवाडी गेली, सिडको गेलं. एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बद्रीनाथनी मागं न बघता बोलायला सुरुवात केली. “आप्पा, मला एक सांगायचं व्हतं. लई वर्सं झाली. मी तुमच्याकडं यायच्या आधी घाटीच्या सरकारी दवाखान्यात गेलतो. सुई टोचून आलतो. तुमच्यापासून लपवलं. तुमी इतका जीव लावला आन् मी तुमाला फसवलं. माफी करा मला.” आणि तो तगडा गडी स्टेअरिंगवर हात ठेवून रडायला लागला. मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या.

आप्पांनाही रडू आलं. कोण कुणाला फसवत होतं, हे त्यांना सांगायचं होतं. तोंडातून फक्त “आं... आं...” एवढंच आलं, आणि बद्रीनाथना वाटलं आप्पांनी माफ केलं.

घाटीत डॉक्टरीणबाईनं पहिला प्रश्न विचारला, “मावशी, हे नक्की किती वाजता सुरू झालं?” शिकलेली माणसंही इथं अडखळतात. सुगंधाबाई नाही अडखळली. “आठच्या भोंग्याला कप हातातून पडला. त्याच्या आधी चांगले चहा पीत व्हते.” घड्याळात साडेनऊ वाजत होते. आप्पांना आत नेलं, डोक्याचा फोटो काढला, बीपी खाली आणलं. मेंदूच्या नळीत रक्ताची गाठ अडकली होती. नळी फुटली असती तर गाठ विरघळवायचं औषध देता आलं नसतं, असं बाईंनी समजावून सांगितलं. हे औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही जितकं लवकर तितकं चांगलं, कारण वेळ जाईल तसा मेंदूचा तुकडा मरत जातो. मग सुई टोचली. आप्पा टक लावून त्या सुईकडं बघत होते.

पिठाच्या डब्यातल्या पाकिटांचं सुगंधाबाईनं आपणहून सांगितलं. “बीपीची गोळी कधी सोडली?” बाईंनी विचारलं.

“दोन वर्सं झाली.”

“का?”

“बरं वाटत व्हतं म्हणून.”

बाईंनी पेन थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, हे उत्तर त्या रोजच लिहून घेत असाव्यात. “मावशी, बीपी दुखत नाही, खुपत नाही. गोळी घेतल्यावरसुद्धा काही वाटत नाही. म्हणूनच ती सोडायची नसते.”

अकरा दिवसांनी आप्पा घरी आले. पाय बऱ्यापैकी परत आला होता, हातात काठी होती. उजवा हात अर्धाच आपला वाटत होता. बोलणं एकेक शब्दाचं, तेही ओढून काढल्यासारखं. आणि लिंबाखाली माणसं मावत नव्हती.

कडूबानं सगळं व्यवस्थित लावून ठेवलं होतं. पाव तासाच्या आत आप्पांना आप्पांचंच तेल लागलं, म्हणून सुई शिरूनही आप्पा उठले. एवढी ताकद या तेलात! जालन्यापर्यंत ही बातमी गेली होती. आप्पांनी “नाय” म्हणायचा प्रयत्न केला की कडूबा लोकांना सांगे, “आप्पा थकलेत. तेलच लावा म्हणतेत.” असे तीन वार गेले. बोलता येत होतं तेव्हा आप्पांनी खरं सांगितलं नव्हतं. आता सांगायचं होतं तर त्यांचं बोलणं भावाच्या हवाली झालं होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना सांगायचं होतं की नाही, हेही पक्कं ठरत नव्हतं. रात्री ठरे, की सकाळी सगळ्यांना सांगून टाकू, तेलात काही नाही. सकाळी रांग पाया पडे आणि ठरलेलं डळमळे. लकव्यानं त्यांचा अर्धा हात नेला होता, मोठेपणाला मात्र धक्का लावला नव्हता.

चौथ्या वारी, रविवारी, साळूबाई नावाची बाई नवऱ्याला रिक्षातून घेऊन आली. बन्सी, वाळूजला कामाला जाणारा, पंचेचाळिशीचा माणूस. सकाळी सातला दाढी करताना वस्तरा पडला होता. आता साडेआठ. “सरळ तुमच्याकडंच आणलं आप्पा,” साळूबाई अभिमानानं म्हणाली. “सुई टोचू दिली नाय.”

कडूबानं वाटी पुढं घेतली. आप्पांनी बन्सीकडं बघितलं. तोंडाचा कोपरा तसाच लोंबत होता. डोळे मात्र लख्ख होते, आणि ते डोळे काय म्हणताहेत हे त्या लिंबाखाली एकाच माणसाला कळत होतं.

आप्पांनी काठी उचलली आणि वाटी उडवून दिली. काळं तेल मातीत गेलं.

आप्पांना उभं राहायला वेळ लागला. तेलात काही नाही, एवढेच तीन शब्द म्हणायचे होते. पण तेवढ्यात साळूबाईचा चेहरा त्यांना दिसला. तिला हे सांगितलं तर ती विश्वास ठेवणार नाही, दुसऱ्या लिंबाखाली जाईल, हे तीस वर्षांच्या अनुभवानं त्यांना माहीत होतं. मग ते थांबून थांबून, आजारानंतरचं पहिलं अख्खं वाक्य बोलले. “सुई... टोचल्याबिगर... माझं औषध... लागत नाय.”

कुणी हसलं नाही. कालपर्यंत उलट होतं ना, असंही कुणी विचारलं नाही. ज्या निष्ठेनं लोकांनी जुना नेम पाळला होता, त्याच निष्ठेनं त्यांनी नवा उचलला. “आप्पा म्हणतेत आधी सुई!” कुणीतरी ओरडलं. बन्सीला पुन्हा रिक्षात घातलं. आप्पा स्वतः पुढं ड्रायव्हरशेजारी चढून बसले आणि काठीनं रस्ता दाखवत घाटीपर्यंत गेले.

तेव्हापासून तोच नेम आहे. ताजा पेशंट आला तर आधी दवाखाना. दवाखान्याचा कागद दाखवल्याशिवाय कडूबा नंबर देत नाही. पथ्यात वांगं आणि दही परत खायला परवानगी मिळाली, मीठ आणि तंबाखू गेले. आणि नारळ बंद झाला. नारळाऐवजी दर महिन्याला बीपीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणायची. एकही गोळी शिल्लक दिसली तर आप्पा हात मांडीवर घेत नाहीत. बाया ती पाकिटं हळद-कुंकू लावून लिंबाच्या बुंध्याशी ठेवतात. आप्पांचं स्वतःचं पाकीट आता फळीवर असतं, सगळ्यांना दिसेल असं, आणि रोज सकाळी आठच्या भोंग्याला सुगंधाबाई त्यांच्या तळहातावर गोळी ठेवते, पूर्वी तंबाखू असायची तिथं.

परवा बद्रीनाथ आले होते. आता बाही वर दुमडून फिरतात, सुईची जुनी जागा लोकांना दाखवतात. रांग संपल्यावर ते आप्पांजवळ बसले आणि हळूच म्हणाले, “आप्पा, आता तरी खरं सांगा. तेलात काय आसतंय?”

आप्पांनी आजूबाजूला बघितलं. कडूबा लांब होता. सुगंधाबाई दारात भांडी घासत होती, तिचे हात थांबले.

“काय आसतंय... म्हाईत नाय,” आप्पा म्हणाले. “मीठ... नाय, एवढं... पक्कं.”

सुगंधाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. आप्पाही हसले, पण डाव्या बाजूनंच. उजवी बाजू अजून हसायला शिकायची होती.